तबेल्यातील रुग्ण, घरातील दुःख

इंदूरमधील काही जुन्या मराठी वाड्यांच्या मागल्या अंगाला एके काळी पागा असे. आता त्या जागी मोटारी उभ्या राहतात. तरीही घोडा बाळगणारी माणसे आपल्या आसपास अजून आहेत. महूच्या वाटेवरच्या शेतघरांत हौसेने जोपासलेली एखादी काठेवाडी घोडी असते, रपेट शिकविणाऱ्यांकडे चारदोन घोडे असतात, आणि लग्नसराईत वरातीला घोडी देणाऱ्या कुटुंबांचा तर तो पिढीजात व्यवसायच आहे. अशा घरातले जनावर आजारी पडले, की पशुवैद्यांच्या पाठोपाठ ओळखीच्या डॉक्टरला, म्हणजे आपल्यापैकी कुणाला तरी, दूरध्वनी येतो. "डॉक्टर, क्रिएटिनिन सात आले आहे. आपल्याकडे डायालिसिस करतात तसे काही करता येईल का?"

या प्रश्नाला आपण काय उत्तर देतो, यावर त्या मुक्या जनावराचे उरलेले दिवस कसे जातील आणि त्या घरातील माणसे, विशेषतः मुले, ते दुःख कसे सोसतील, हे पुष्कळसे अवलंबून असते. उपचार पशुवैद्यांनीच करावयाचे. त्यांच्या कामात आपण ढवळाढवळ करू नये. परंतु कुटुंबाशी बोलण्याचे काम आपल्याकडे आपसूक येते, आणि ते आपण सौजन्यापोटी गोड बोलून उरकतो. माझे स्पष्ट मत असे आहे की, जुनाट मूत्रपिंडविकारात घोड्याच्या मालकाला सत्य लवकर सांगावे, पूर्ण सांगावे, आणि घरातील मुलांना त्यातून वगळू नये. उपचारांचे पर्याय जेथे थोडे असतात, तेथे वेळ हेच मोठे औषध असते, आणि खोट्या आशेत नेमका तोच वाया जातो.

प्रथम थोडा शास्त्राचा भाग पाहू, कारण माणसाच्या वैद्यकाचे आपले ज्ञान येथे काही ठिकाणी आपल्यालाच चकविते. निरोगी घोड्याच्या रक्तातील क्रिएटिनिन साधारणपणे एक ते दोन मिलिग्रॅम असते. मूत्रपिंडांची सुमारे तीन चतुर्थांश कार्यशक्ती नष्ट होईपर्यंत ते फारसे वाढत नाही. तोवर घोडी थोडी वाळलेली दिसते, तिची तुकतुकी जाते, ती पाणी अधिक पिते आणि तिचे ठाण नेहमीपेक्षा ओले राहते, एवढेच. यातले काहीही एकाएकी घडत नाही. म्हणून 'आमच्या लक्षात कसे आले नाही' असा जो सल मालकाला लागतो, तो बहुतेक वेळा अनाठायी असतो, आणि हे त्याला पहिल्याच भेटीत सांगावयास हवे.

दुसरी गोष्ट लघवीची. गढूळ लघवी दिसली की आपण जंतुसंसर्गाचा विचार करतो. घोड्याची लघवी मात्र कॅल्शियम कार्बोनेटच्या स्फटिकांमुळे व श्लेष्मामुळे निसर्गतःच गढूळ असते. ती पाण्यासारखी नितळ होऊ लागली की घरच्यांना बरे वाटते, पण पुष्कळदा तेच मूत्रपिंड थकल्याचे चिन्ह असते. तिसरी गोष्ट कॅल्शियमची. माणसाची मूत्रपिंडे निकामी झाली की रक्तातील कॅल्शियम बहुधा उतरते. घोड्यात ते अनेकदा चढते, कारण चाऱ्यातून आलेले जादा कॅल्शियम तो मुख्यतः मूत्रावाटे टाकतो. म्हणूनच 'जनावर अशक्त झाले आहे, लसूणघास भरपूर घाला' हा प्रेमाचा सल्ला येथे उलटतो. लसूणघासात आणि बरसीममध्ये कॅल्शियम पुष्कळ असते. अशा घोड्याला साधे वाळलेले गवत बरे. चौथी गोष्ट रक्तक्षयावरील एरिथ्रोपोएटिनची. आपल्या रुग्णांना वरदान ठरलेले हे मानवी इंजेक्शन घोड्याला दिल्यास त्याच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार होऊन जीवघेणा रक्तक्षय होऊ शकतो. आपल्या कपाटातील औषध प्रेमापोटी तबेल्यात पाठविणाऱ्यांनी एवढे एक उदाहरण लक्षात ठेवले तरी पुरे.

आता डायालिसिसविषयी. परदेशांतील मोजक्या पशुरुग्णालयांत अचानक उद्भवलेल्या विकारात घोड्यांवर रक्तशुद्धीकरणाचे प्रयत्न झालेले आहेत. परंतु चारशे किलो वजनाच्या, उभ्याने जगणाऱ्या जनावराला आठवड्यातून तीनदा यंत्राला जोडून वर्षानुवर्षे जगविणे हा व्यवहार्य मार्ग नाही. प्रत्यारोपणाचा तर प्रश्नच उद्भवत नाही. नुसत्या सलाइनचे गणित करून पाहा. चारशे किलोच्या घोड्याची रोजची किमान गरज वीस ते चोवीस लिटर, म्हणजे अर्ध्या लिटरच्या चाळीसहून अधिक बाटल्या! मालकाला हे आकडे सांगितले की त्याला अडचण समजते, आणि पैसे कमी पडले म्हणून आपण जनावर गमावले, असे त्याच्या मनाला पुढे लागत नाही.

मात्र घाईने निराशही होऊ नये. विकार अचानक आलेला की जुनाट, याचा निवाडा पशुवैद्यांकडून आधी करून घ्यावा. पोटशूळात शरीरातील पाणी घटल्याने, जेंटामायसिनसारख्या औषधाने, किंवा विश्रांतीनंतर एकदम श्रम पडून स्नायू झिजल्याने व कॉफीच्या रंगाची लघवी झाल्याने जी मूत्रपिंडे बंद पडतात, ती वेळीच सलाइन मिळाल्यास पुन्हा काम करू लागू शकतात. येथे एकेक तास मोलाचा असतो. आपल्या सुदैवाने महूचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५५ पासून आपल्या दाराशी आहे. याउलट सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडे आकसलेली दिसली आणि महिनोन्महिने वजन उतरत आले असेल, तर तो मार्ग परतीचा नसतो. क्रिएटिनिन पाचाच्या आत असलेले काही घोडे योग्य निगा राखल्यास कित्येक महिने, क्वचित वर्षेही समाधानाने जगतात. ते दहाच्या पुढे गेले, तोंडात व्रण आले, पोटाखाली सूज उतरली, की दिवस थोडे उरतात.

प्रतिबंधाविषयीही दोन शब्द लिहिणे अगत्याचे वाटते. लंगडणाऱ्या घोड्याला मालक वेदनाशामक औषध स्वतःच देतात, आणि वरातीचे दिवस संपेपर्यंत देत राहतात. फेनिलब्यूटाझोनसारखी औषधे, त्यातही तहानलेल्या जनावराला दिलेली, मूत्रपिंडांच्या अंतर्भागाची हानी करतात. वेदनाशामके आणि मूत्रपिंडे यांच्या वैराचा धडा आपल्या देशाला गिधाडांनी दिलेला आहे. डायक्लोफेनॅक दिलेल्या मृत जनावरांचे मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि १९९० च्या दशकापासून ती लाखोंच्या संख्येने नाहीशी झाली. २००४ मध्ये कारण उमगले. २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. घोड्याच्या बाबतीत एवढा उत्पात होत नाही इतकेच. पण औषधापूर्वी रक्ततपासणी आणि समोर सदैव भरलेले पाण्याचे टाके, या दोन गोष्टी प्रत्येक घोडीवाल्याला सांगण्याजोग्या आहेत.

आता मूळ विषयाकडे, म्हणजे माणसांकडे येते. बालरोगतज्ज्ञ या नात्याने या प्रश्नाशी माझा संबंध आला तो एका दहा वर्षांच्या मुलामुळे. त्याच्या कुटुंबाच्या संमतीने, ओळख न देता लिहीत आहे. तीन आठवडे पोटात दुखते, जेवत नाही, रात्री दचकून उठतो, अशी तक्रार घेऊन आई आली होती. तपासण्या सर्व ठीक होत्या. बोलता बोलता कळले, की शेतावरची रेवा नावाची एकोणीस वर्षांची घोडी आजारी आहे, तिचे क्रिएटिनिन सात आहे, आणि मुलाला मात्र 'तिला थोडा अशक्तपणा आहे, टॉनिक चालू आहे' असे सांगून ठेवले आहे. आईला बाहेर बसवून मी त्याला रेवाविषयी विचारले. बराच वेळ तो गप्प राहिला आणि मग म्हणाला, "काकू, मीच तिला उन्हात पळवलं होतं. म्हणून तिचं असं झालं ना?"

तीन आठवडे तो मुलगा हे एकटा वाहत होता. मोठ्यांचे दबके बोलणे, पशुवैद्यांची वाढलेली ये-जा, आजोबांचे ओले डोळे, हे सारे तो पाहत होता आणि या सर्वांचा अर्थ त्याने स्वतःच्या परीने लावला होता. मुलांचे मन असेच चालते. मृत्यू कायमचा असतो आणि तो सर्वांना येतो, ही समज बहुतेक मुलांना पाच ते सात वर्षांच्या सुमारास येऊ लागते. परंतु 'माझ्या एखाद्या कृतीमुळे हे घडले' ही कल्पना त्यानंतरही पुष्कळ काळ टिकते. आपण माहिती दिली नाही, तर ती रिकामी जागा मूल अपराधाने भरून काढते. मी त्याला कागदावर मूत्रपिंड काढून दाखविले. घोड्याचे उजवे मूत्रपिंड बदामाच्या पत्त्यासारखे असते, याचे त्याला नवल वाटले. ती गाळणी कित्येक महिने, कदाचित वर्षे झिजत होती, एका दुपारच्या रपेटीने ती झिजलेली नाही, हे सांगितले. ती बरी होणार नाही, हेही सांगितले. तो रडला. आठवड्याने त्याच्या आईचा निरोप आला, की पोटदुखी थांबली असून तो रोज शाळेतून येऊन रेवाला खरारा करतो.

त्यानंतर त्या घराने जे केले, ते मला अनुकरणीय वाटते. पशुवैद्यांच्या सांगण्यावरून त्यांनी एक वही घातली. चंदी किती खाल्ली, पाणी किती प्याली, आडवी झाल्यावर आपली आपण उठली का, हाक मारल्यावर कान टवकारले का, एवढ्या चार नोंदी मुलगा रोज संध्याकाळी करी. वाईट दिवस चांगल्या दिवसांहून अधिक होऊ लागले की निर्णय घ्यावयाचा, हे सर्वांच्या समक्ष आधीच ठरले होते. दसऱ्याला रेवाच्या गळ्यात झेंडूची माळ पडली. त्यानंतर दहा दिवसांनी, सलग चार दिवस तिने चंदीला तोंड लावले नाही तेव्हा, पशुवैद्यांनी भुलीच्या औषधाने तिला शांतपणे निरोप दिला. मुलाने आधी तिच्या आयाळीवरून हात फिरविला आणि तो आजोबांबरोबर घरात गेला. थांबायचे की जायचे, हे त्याच्यावर सोपविले होते. शेताच्या कडेला, विहिरीपासून दूर, जेसीबीने खोल खड्डा खणून तिला पुरले. औषध देऊन अंत केलेल्या जनावराचे शव उघड्यावर टाकू नये, ते खाणाऱ्या पशुपक्ष्यांनाही विषबाधा होते, हे पशुवैद्यांनी आधीच बजावले होते.

या 'निरोपा'विषयी मतभेद होतील, याची मला जाणीव आहे. माळव्यात आणि गुजरातेत पांजरपोळांची मोठी परंपरा आहे. जीव देणारा तोच, घेणाराही तोच, अशी श्रद्धा बाळगणारी वडीलधारी माणसे आपल्या घरोघरी आहेत आणि तिच्यामागील करुणेबद्दल मला आदर आहे. जे कुटुंब या कारणाने निर्णय घेऊ शकत नाही, त्याला दोष देऊ नये. वेदना व तहान कमी राहील अशी निगा अखेरपर्यंत कशी राखता येईल, ते त्याला सांगावे. परंतु माझे मत विचाराल, तर उभेही राहू न शकणाऱ्या, तोंडात व्रण झालेल्या जनावराला केवळ आपले हात स्वच्छ राहावेत म्हणून पडू देणे, यात करुणा नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या तेराव्या कलमानेही, ज्या जनावराला जिवंत ठेवणे हीच क्रूरता ठरेल, त्याच्या अंताची तरतूद केलेली आहे. आपण डॉक्टर येथे अडखळतो याचे कारण उघड आहे. माणसाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये काही अटींवर जीवरक्षक उपचार थांबविण्यास मान्यता दिली. औषध देऊन मृत्यू आणणे मात्र निषिद्धच आहे, आणि ते योग्यच आहे. त्यामुळे हा निर्णय घेण्याची आपल्याला सवय नाही. पशुवैद्यांना आहे. या एका बाबतीत ते आपल्याहून अनुभवी आहेत, हे मान्य करून आपण त्यांचे ऐकावे.

मुलांशी बोलताना शब्द जपून वापरावेत, एवढे माझ्या शाखेच्या वतीने सांगते. 'तिला झोपविले' असे म्हणू नये. पुढे स्वतःच्या शस्त्रक्रियेसाठी भूल घेताना, किंवा रोज रात्री निजतानासुद्धा, लहान मूल घाबरते. 'तिला दुसऱ्या गावी पाठविले' हे तर त्याहून वाईट. मूल वाट पाहत राहते, आणि खरे कळते तेव्हा घोडीबरोबर मोठ्यांवरचा विश्वासही गमावून बसते. 'देवाघरी गेली' म्हणण्यास माझी हरकत नाही. पण त्यासोबत 'तिचे शरीर काम करावयाचे थांबले, ते पुन्हा सुरू होत नाही, आणि आता तिला दुखत नाही' हे सांगावे. आणि लगेच नवे शिंगरू आणून दुःख झाकू नये. रडण्यास थोडी फुरसत द्यावी.

काही सभासद म्हणतील, की ज्या देशात कितीतरी माणसांना डायालिसिस परवडत नाही, तेथे एका घोड्यासाठी हे लेखन कशाला? आक्षेप रास्त आहे. २०१६ मध्ये राष्ट्रीय डायालिसिस कार्यक्रम सुरू झाला, तरी खेड्यातल्या रुग्णाचे हाल संपलेले नाहीत, हे आपण रोज पाहतो. पण मी येथे घोड्यासाठी माणसाच्या वाट्याचा पैसा मागत नाही. मी मागते आहे ती दहा मिनिटांची खरी बातचीत. तिने कुणाच्या वाट्याचे काही कमी होत नाही. १९८९ मध्ये केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने ज्या दुःखाला समाज मान्यता देत नाही, अशा दुःखाची स्वतंत्र संकल्पना मांडली. जनावराच्या मृत्यूचे दुःख या प्रकारात चपखल बसते. माणूस गेला की सुतक असते, शेजारी पिठलेभात आणून देतात, दहाव्या-तेराव्याला चार माणसे जमतात. वीस वर्षांची घोडी गेली की दुसऱ्या दिवशी कामावर जावे लागते, आणि 'जनावरच होते ना' हे ऐकून घ्यावे लागते.

वरातीची घोडी देणाऱ्याचे दुःख तर दुहेरी असते. मराठ्यांच्या फौजेत स्वतःचा घोडा असलेला तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, असा भेद होता. शिलेदाराचा घोडा पडला की सोबती आणि पोटाचे साधन, दोन्ही एकदमच जात. आजचा घोडीवाला त्या अर्थाने शिलेदारच आहे. त्याला सत्य लवकर सांगण्यात आणखी एक व्यवहार आहे: शेवटच्या कर्जाचे पैसे निरुपयोगी बाटल्यांत न जाता त्याच्या हाती राहतात, आणि लंगड्या, आजारी घोडीला हंगाम संपेपर्यंत रेटण्याचा मोहही टळतो.

आपल्या मंडळाने या बाबतीत तीन साध्या गोष्टी कराव्यात, असे मी सुचविते. महूच्या पशुवैद्यांना बोलावून एक संयुक्त सभा घ्यावी. त्यांच्याकडून आपण शिकावे आणि मुलांशी कसे बोलावे हे त्यांना सांगावे. वेदनाशामके, पाणी, चारा आणि धोक्याची लक्षणे यांविषयी मराठी व हिंदीत एक पानाचे पत्रक काढून ते घोडीवाल्यांच्या वस्त्यांत आणि नालबंदांकडे ठेवावे. आणि तपासणीत काही न सापडणारे पोटदुखीचे किंवा निद्रानाशाचे मूल समोर आले, की आपल्या नेहमीच्या प्रश्नांत एका प्रश्नाची भर घालावी: घरातले एखादे जनावर आजारी आहे का, किंवा नुकतेच गेले आहे का? या प्रश्नाला खर्च नाही, आणि उत्तर होकारार्थी आले तर पुष्कळ तपासण्या वाचतात.